उलट्या पावलांची

पातेल्यात खाजोटीचा पाला उकळत होता,
त्यात धुण्याचा सोडा, क जीवनसत्त्वाची पूड.
"चव बघू नकोस," गराझी म्हणाली,
"यात फिल्म धुवायचीय."
मी नुकतीच कारखान्यातून आलेले,
खारवलेल्या माशांचा वास बोटांत मुरलेला.
पलंगपोस खिडकीला ठोकून
आम्ही दोघी काळोखात उभ्या राहिलो
नऊ मिनिटं.
शेजारणीने सकाळी विचारलंच,
रात्री तुमच्याकडे काय शिजत होतं?

तेव्हाही अशाच एका प्रश्नापासून सुरू झालं.
दप्तरात आहे:
चारशे वर्षांपूर्वी, दरीच्या वरच्या अंगाला
दोन बाया एका घरात राहत,
एक चूल, एक घोंगडी.
नवरे देवमाशांमागे गेले ते आलेच नाहीत,
आणि यांनी वाटही पाहिली नाही म्हणे.
रात्री हसण्याचे आवाज येत म्हणे.
म्हणे, म्हणे,
कागदभर नुसतं म्हणे.

बायांना कारकुनाची भाषा येत नव्हती,
कारकुनाला बायांची.
मध्ये एक दुभाषा, तोही भावकीतला,
सफरचंदाच्या बागेवर डोळा ठेवून.
आमच्या बास्क भाषेत तो आणि ती वेगळे नसतात,
दोघांना एकच शब्द पुरतो.
कारकुनाला मात्र ठरवावं लागलं, ओळीओळीला.
एका जागी त्याने लिहून खोडलंय.
त्या खोडलेल्यावर भिंग धरून
गराझी तासभर बसली होती.
तिथूनच तिचा सिनेमा सुरू होतो:
फिल्मवर सुईने ओढलेली रेघ,
पडदाभर थरथरणारी.

मग उनाइ.
बंदरावर जाळी शिवणारं, दाढीवालं,
मावशीचा काळा झगा घालून
थेट कॅमेऱ्यात बघणारं उनाइ.
तुमच्या भाषेत सांगताना मी अडखळते:
चेटकीण झाला म्हणू, की झाली?
तुमच्याकडे तिसरंही आहे म्हणे.
मग झालं.
चेटकीण झालं.

मला म्हणाली, तू फक्त चाल.
ओढ्यातून वर, अनवाणी, पाठमोरी.
जानेवारीतलं पाणी!
आमच्याकडे ओढ्यातल्या बायांचे पाय बदकाचे,
तुमच्याकडे हडळीचे उलटे, असं ऐकलंय.
म्हणजे इथूनतिथून बाई ओळखायची पायांवरून,
तिच्या तोंडाकडे बघायचं
कुणाला सुचलंच नाही.
अकरा वेळा चालले मी, शिंकत.
नंतर तिने पट्टी उलटी फिरवली:
आता मी सरळ पुढे येतेय,
पण पाणी चढणीला लागलंय,
पानं उडून फांदीवर जाऊन बसतायत,
धूर खाली उतरतोय, लाकडांत शिरतोय,
आणि लाकडं
इथे तिने कापलं.
झाडं होऊ द्यायची होतीस की गं, मी म्हटलं.
"नको," ती म्हणाली. "इतकं स्वस्तात नको."

मच्छीमारांच्या सभागृहात, चादरीवर दाखवला.
आवाज नाहीच;
दुभाष्याला कामच ठेवायचं नव्हतं तिला.
तेवीस माणसं आली, चार उठून गेली,
एकजण घोरला.
पहिल्या खुर्चीवर गराझीची आई, मारित्शू,
मांडीवर पर्स घट्ट धरून.
अर्ध्यात तिने मोठ्याने विचारलं,
"गोष्ट कधी सुरू होणार?"
कुणी बोललं नाही.
दिवे लागल्यावर माझ्यासमोर येऊन थांबली.
सहा वर्षांत माझ्याशी थेट बोललेली नव्हती.
म्हणाली, "पाय गारठले असतील."

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी:
लोकरीचे मोजे, तीन जोड,
त्यातला एक चांगलाच मोठा,
आणि सुतळीने बांधलेली
खाजोटीची ताजी जुडी.
सूपासाठी की फिल्मसाठी,
चिठ्ठी नव्हती.